झिरोची भातखाचरे आणि पाहुणे

अरुणाचल प्रदेशातील झिरो खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. येथील आपातानी जमातीचे शेतकरी परंपरेने नांगर-बैलांविना, हातांनीच भातशेती करतात. खाचरांच्या पाण्यात मासे वाढतात, बांधांवर नाचणी पिकते. भोवती बांबू आणि पाइनची जपलेली बने आहेत. २०१४ मध्ये हे खोरे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. मार्चमध्ये म्योको सण साजरा होतो, तर जुलैच्या द्री सणात पिकांच्या रक्षणासाठी प्रार्थना होते. इतर राज्यांतील भारतीयांना येथे येण्यासाठी इनर लाइन परमिट लागते. गावातल्या घरी मुक्काम केल्यास पाहुण्यांचा पैसा गावातच राहतो. बांध न तुडवणे, विचारल्याशिवाय छायाचित्र न काढणे आणि सणांचे नियम पाळणे हे भान राखले, तरच पर्यटन या शेतीचा आधार ठरेल.