घरातला कॅमेरा तुमच्याशिवाय आणखी कोण बघतंय? राजकोटच्या प्रकरणाचा सांगलीपर्यंत आलेला धागा

फेब्रुवारी २०२५. गुजरातमधल्या राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले व्हिडिओ यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरत असल्याचं उघड झालं. महिला रुग्णांची तपासणी जिथे होते, त्या खोलीतले हे व्हिडिओ होते. आपली सीसीटीव्ही यंत्रणा हॅक झाली, असं रुग्णालयाने सांगितलं. अहमदाबादच्या सायबर क्राईम पोलिसांनी तपास सुरू केला आणि काही दिवसांतच तिघांना अटक केली. त्यातला एक उत्तर प्रदेशातल्या प्रयागराजचा होता. उरलेले दोघे महाराष्ट्रातले, एक लातूरचा आणि एक सांगलीचा.

बातमी आली, दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. पण सांगली-साताऱ्यातल्या घराघरांत आज जे कॅमेरे लागलेत, त्यांच्यासाठी हे प्रकरण महत्त्वाचं आहे. कारण रुग्णालयातल्या कॅमेऱ्याचं तंत्र आणि घराच्या सोप्यातल्या कॅमेऱ्याचं तंत्र यात फारसा फरक नाही.

राजकोटमध्ये नेमकं काय झालं होतं?

पोलिसांच्या म्हणण्यानुसार, आरोपींचं काम एकाच रुग्णालयापुरतं नव्हतं. देशभरातल्या रुग्णालयं, दुकानं, कार्यालयं आणि घरांमधले कॅमेरे या टोळीच्या हाती लागले होते. त्यातलं चित्रीकरण टेलिग्रामच्या ग्रुपवर पैसे घेऊन विकलं जात होतं. यूट्यूबवर छोटे तुकडे टाकायचे आणि पूर्ण व्हिडिओसाठी गिऱ्हाईक टेलिग्रामवर ओढायचं, अशी पद्धत होती. नंतर या प्रकरणात आणखी अटका झाल्या. आरोप सिद्ध होणं हे न्यायालयाचं काम आहे, पण पद्धत मात्र समजून घेण्यासारखी आहे.

यासाठी कुणी फार मोठी तांत्रिक करामत केली नव्हती. तपासाबद्दल आलेल्या वृत्तांनुसार अनेक ठिकाणी कॅमेऱ्याचा पासवर्ड 'अ‍ॅडमिन१२३' सारखा, म्हणजे जवळपास कंपनीने दिला तसाच होता. असे पासवर्ड हाताने टाकून बघावे लागत नाहीत. एक छोटा प्रोग्रॅम हजारो शब्द एकामागून एक टाकत जातो आणि एखादा लागला की दार उघडतं.

सांगली-साताऱ्यात कॅमेरे एवढे का वाढले?

याचं उत्तर इथल्या माणसांच्या पोटापाण्यात आहे. माण-खटावची, पाटण-जावळीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत कामाला आहेत. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाई व्यवसायातली कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरली आहेत. नवी पिढी पुण्यात आयटीत आहे किंवा परदेशात. गावाकडे घर आहे, आणि घरात म्हातारे आई-वडील आहेत किंवा नुसतंच कुलूप आहे.

त्यामुळे कॅमेरा ही इथे चैनीची वस्तू राहिलेली नाही. आई औषध घेतेय का, वडील रात्री उठून पडले तर नाहीत ना, हे लांबून बघायची ती सोय आहे. शेतावरच्या वस्तीला सिमकार्डवर चालणारा कॅमेरा लागतो, कारण मोटार आणि केबलची चोरी होते. तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर नजर ठेवायची असते, तर शिराळा-कराडच्या डोंगरी भागात गोठ्यापाशी बिबट्या फिरकतोय का, हे बघायचं असतं.

यातच आता होम ऑटोमेशनची भर पडली आहे. दिवे, पंखे, पाण्याची मोटार, दाराचं कुलूप आणि कॅमेरे हे सगळं एकाच स्क्रीनवर आणायचं. अंगणात कुणी आलं की दिवा आपोआप लागतो, फोनवर फोटो येतो आणि टीव्हीवर फाटकाचं चित्र दिसतं. सोय खरोखर मोठी आहे. पण घरातल्या कॅमेऱ्याचं चित्र पुण्यातल्या फोनपर्यंत कोणत्या वाटेने जातं, हे मात्र फार थोडे जण विचारतात.

चित्र फोनपर्यंत पोहोचतं कसं?

ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली वाट कंपनीच्या सर्व्हरची. कॅमेरा विकत घ्यायचा, ॲप टाकायचं, क्यूआर कोड स्कॅन करायचा, की झालं. बहुतेक स्वस्त वायफाय कॅमेरे असेच चालतात. यात कॅमेरा स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधतो आणि तुमचा फोनही त्याच सर्व्हरकडे जातो. दोघांची गाठ तिथे घालून दिली जाते. काही वेळा चित्रही त्याच सर्व्हरवर साठवलं जातं. म्हणजे सुरक्षा तुमच्या पासवर्डइतकीच कंपनीच्या कारभारावरही अवलंबून असते.

दुसरी वाट थेट दार उघडण्याची. डीव्हीआर किंवा एनव्हीआर बाहेरून दिसावा म्हणून राउटरमध्ये एक पोर्ट उघडून ठेवला जातो. हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. इंटरनेटवर अशी उघडी उपकरणं शोधून त्यांची यादी ठेवणारी 'शोडॅन'सारखी सर्च इंजिनं २००९ पासून आहेत. तुमचा डीव्हीआर गावात आडबाजूला असेल, पण इंटरनेटवर आडबाजू नावाची जागाच नसते.

तिसरी वाट घरातल्या घरात ठेवण्याची. बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांमध्ये आरटीएसपी आणि ऑनविफ या सर्वमान्य पद्धतींची सोय असते. त्यामुळे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्याच्या रेकॉर्डरवर किंवा होम ऑटोमेशनच्या छोट्या संगणकावर दिसू शकतो. २०१३ मध्ये सुरू झालेलं 'होम असिस्टंट' हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर यासाठी जगभर वापरलं जातं. कॅमेऱ्याचं इंटरनेट राउटरमधूनच बंद करायचं, चित्र फक्त घरातल्या संगणकाकडे येऊ द्यायचं आणि बाहेरून बघायचं असेल तर व्हीपीएनच्या बंदिस्त बोगद्यातून आत यायचं. व्हिडिओ घराबाहेरच्या कुठल्याही कपाटात जाऊन पडत नाही.

मग मोठ्या कंपन्यांवर तरी विसंबायचं का?

अनुभव संमिश्र आहे. जानेवारी २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या एका वापरकर्त्याने आपला शाओमी कॅमेरा गूगलच्या नेस्ट हब स्क्रीनवर बघायला घेतला, तर त्याला भलत्याच लोकांच्या घरातली स्थिरचित्रं दिसली. कुणी हॅक केलं नव्हतं, कंपनीच्या बाजूने झालेला तांत्रिक घोळ होता. गूगलने काही काळ शाओमीची उपकरणं आपल्या यंत्रणेतून तोडून टाकली होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'युफी' या कंपनीबद्दल असाच प्रश्न आला. चित्रीकरण घरातच राहतं, अशी जाहिरात असताना काही फोटो सर्व्हरवर जात असल्याचं एका संशोधकाने दाखवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'वाइझ' या अमेरिकी कंपनीची सेवा बंद पडून पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे १३ हजार ग्राहकांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यातली छोटी चित्रं दिसली. या तिन्ही घटनांमध्ये ग्राहकाने पासवर्ड कितीही मजबूत ठेवला असता, तरी काही उपयोग नव्हता.

घरच्या घरी ठेवलेली यंत्रणाही आपोआप सुरक्षित होत नाही. मार्च २०२३ मध्ये होम असिस्टंटच्या एका भागात इतकी गंभीर त्रुटी सापडली की, लॉगिन न करताच आत शिरता आलं असतं. दुरुस्ती लगेच आली, पण ती ज्यांनी अपडेट केलं त्यांच्यासाठी. स्वतः सांभाळायची यंत्रणा म्हणजे स्वतः सांभाळायची जबाबदारी. 'एकदा लावलं की बघायला नको' असं इथे चालत नाही.

कॅमेरा हॅक झाला तर नुकसान फक्त त्या घराचंच होतं का?

नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससह अनेक बड्या वेबसाइट काही तास ठप्प झाल्या होत्या. 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेऊन एकाच वेळी हल्ला चढवला होता. त्याच्याकडे कंपन्यांनी दिलेल्या मूळ युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या होत्या, एवढंच. मालकांना पत्ताही नव्हता. त्यांचे कॅमेरे नेहमीसारखे सुरू होते.

सरकारने काय केलंय?

मार्च २०२१ मध्ये तत्कालीन राज्यमंत्री आणि अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी संसदेत सांगितलं होतं की, सरकारी संस्थांमध्ये चिनी कंपन्यांचे सुमारे १० लाख कॅमेरे आहेत आणि परदेशी सर्व्हरवर माहिती जाण्यासारख्या त्रुटींचा प्रश्न आहे. त्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी अधिसूचित केल्या. त्या ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. नव्या मॉडेलचं हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागतं.

पाऊल चांगलं आहे, पण त्याला मर्यादा आहेत. भिंतीवर आधीच लागलेले कॅमेरे या नियमाने बदलत नाहीत. आणि तपासून आलेल्या कॅमेऱ्यालाही मालकाने सोपा पासवर्ड दिला, तर प्रयोगशाळा काय करणार?

कायदा काय सांगतो?

दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्रण संमतीशिवाय करणं किंवा पसरवणं यासाठी कलम ६६ई आहे. महिलेचं खासगी क्षणी चोरून चित्रण करणं किंवा ते पसरवणं यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. पहिल्या गुन्ह्याला १ ते ३ वर्षं, पुन्हा केल्यास ३ ते ७ वर्षं शिक्षा आहे. म्हणजे असा व्हिडिओ 'बघा काय चाललंय' म्हणून ग्रुपवर पुढे ढकलणाराही सुटत नाही.

घरातल्या कॅमेऱ्याबद्दल मात्र एक मोकळी जागा आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. पण म्हणून घरात कुठेही कॅमेरा लावायची मुभा मिळत नाही. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं की, राहत्या भागात सहरहिवाशांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणं हा त्यांच्या खासगीपणावर घाला आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

हा मुद्दा आपल्याकडे जास्त लागू पडतो. कॅमेरा मुलगा पुण्यातून लावून घेतो, बिल तोच भरतो, पण कॅमेऱ्यासमोर चोवीस तास वावरते ती आई, वहिनी किंवा कामाला येणाऱ्या मावशी. त्यांना विचारलं जातंच असं नाही. चित्र बाहेर फुटलं तर मात्र सगळ्यात मोठी किंमत त्यांनाच मोजावी लागते. राजकोटमध्येही तेच झालं. कॅमेरा कुठे असावा हे त्या महिला रुग्णांनी ठरवलं नव्हतं.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी कॅमेरा बसवणाऱ्याकडून ताबा घ्या. तालुक्याच्या गावात बऱ्याचदा सीसीटीव्हीवालाच स्वतःच्या मोबाइल नंबरवर खातं उघडतो आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड ठेवतो. त्यात वाईट हेतू असेलच असं नाही, दुरुस्तीला सोपं जातं म्हणूनही हे होतं. पण मुख्य खातं तुमच्या नावावर हवं आणि काम झालं की पासवर्ड बदलायला हवा. ॲपमध्ये 'शेअर केलेली उपकरणं' उघडून कोणाकोणाला चित्र दिसतंय, ते एकदा तपासा.

पासवर्ड लांब ठेवा आणि तो दुसरीकडे कुठेही वापरू नका. ओटीपीची दुहेरी पडताळणी असेल तर सुरू करा. कॅमेरा, रेकॉर्डर आणि राउटर या तिघांचंही अपडेट करा, राउटर हमखास विसरला जातो. त्यातलं यूपीएनपी हे सेटिंग बंद करा, कारण ते न विचारता दार उघडू शकतं. जमत असेल तर कॅमेऱ्यांसाठी वेगळं वायफाय नाव ठेवा, म्हणजे कॅमेरा फुटला तरी बँकेचं ॲप असलेला फोन त्याच जाळ्यात सापडणार नाही.

आणि जागा नीट निवडा. फाटक, अंगण, गोठा, शेड इथे कॅमेरा हवाच. झोपायची खोली, न्हाणीघराचा रस्ता, कपडे बदलायची जागा इथे नको. आजारी माणसासाठी घरात लावावाच लागला, तर त्या माणसाला विचारून लावा आणि गरज नसेल तेव्हा प्लग काढून ठेवा. जो कॅमेरा बंद आहे तो कुणालाच फोडता येत नाही.

गैरप्रकार दिसला तर व्हिडिओ पुढे पाठवू नका. लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, १९३० या हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. महिला आणि मुलांबाबतच्या तक्रारींसाठी तिथे वेगळा विभाग आहे. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.

कॅमेरे काढून टाका, असा याचा अर्थ नाही. लांब राहणाऱ्या लेकरांना आई-वडिलांची काळजी वाटणं खरं आहे आणि चोऱ्याही खऱ्या आहेत. पण घराला कुलूप लावताना किल्ली कुणाकडे आहे हे माणूस विचारतोच. कॅमेऱ्याच्या किल्लीबद्दलही तेवढंच विचारायला हवं.