आवाजामागची सरसर

घरोघरी जुन्या कॅसेटी संगणकात उतरवून घेण्याचे काम सध्या मोठ्या हौसेने चालू आहे, ही आनंदाची गोष्ट होय. आजीच्या ओव्या, आजोबांचे प्रवचन, मुंजीतली मंगलाष्टके, परदेशी गेलेल्या लेकीसाठी साऱ्या घराने मिळून भरलेले 'बोलते पत्र', असा केवढा तरी ठेवा १९७० आणि १९८० च्या दशकांत इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी घरांच्या कपाटांत जमा झाला. आता त्या फिती जीर्ण होत चालल्या, त्या वाजविणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि दुरुस्त करणारे कारागीर त्याहूनही दुर्मीळ झाले. तेव्हा हे काम आज व्हावे, हेच योग्य.

परंतु या उद्योगातली एक तक्रार वाचकांच्या पत्रांत वरचेवर आढळते. कॅसेट संगणकात घेताना आवाज बरा वाटतो. मग कापाकापी, नीटनेटकेपणा होतो, तयार फाइल बाहेर काढली जाते, आणि ती नातवंडांना धाडण्यापूर्वी एकवार ऐकावी म्हणून कानाला लावली, तर बोलण्यामागे दूरच्या पावसाची सर पडत असावी तशी अखंड सरसर! ही आली कोठून आणि घालवावी कशी, असे दोन प्रश्न वाचक विचारतात. आमचे म्हणणे एवढेच, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून दुसऱ्याला हात घालू नये. संगणकात 'आवाज स्वच्छ करा' असे एक आयते बटण असते. ते दाबण्याचा मोह अनेकांना होतो. पण सरसर एका जागी शिरलेली आणि उपाय भलत्याच जागी, असे झाले म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

प्रथम कानाला पारख शिकवावी. घुमणारी, खालच्या सुरातली, एकसारखी 'घूंऽऽ' ऐकू येत असेल, तर ती विजेच्या प्रवाहाची होय. आपल्या देशात वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. ती सदोष तारेतून किंवा जोडणीतून आवाजात शिरते. तार बदलणे, हे तिचे पहिले औषध. 'टक्‌टक्' किंवा तुटक खरखर असेल, तर फितीवरील धूळ वा सैल जोडणी शोधावी. मात्र वरच्या सुरातली, न तुटणारी सरसर हा निराळा प्रकार असून आजचा विषय तोच आहे.

कॅसेट आणि सरसर यांचे नाते जन्माचे आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ही छोटी कॅसेट प्रथम लोकांपुढे आणली. तिची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि ती सेकंदाला अवघी ४.७६ सेंटिमीटर सरकते. एवढ्याशा जागेत आवाज साठविणारे चुंबकीय कण मोजकेच मावतात, आणि त्या कणांची मांडणी कधीच संपूर्ण एकसारखी नसते. हा जो कणांचा विस्कळितपणा, तोच आपल्याला सरसर म्हणून ऐकू येतो. या दुखण्यावर औषध शोधणारे रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तांत्रिक सल्लागार म्हणून भारतातच होते, हे वाचकांना मौजेचे वाटेल. येथून परतल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली. त्यांच्या घरगुती वापराच्या पद्धतीत वरच्या सुरांतले हळू आवाज ध्वनिमुद्रणाच्या वेळी मुद्दाम चढवितात आणि वाजविताना तितकेच उतरवितात. त्या उतरणीबरोबर फितीची सरसरही सुमारे १० डेसिबलांनी खाली येते. म्हणून 'डॉल्बी' लावून भरलेली कॅसेट डॉल्बीवाचून वाजविली, तर सरसर वाढलेली भासते. आणि साधी कॅसेट डॉल्बी लावून वाजविली, तर आवाज रजईखालून आल्यासारखा दबतो. बटणाची ही साधी बाब पाहावयाची राहून गेल्यामुळे अनेक घरांत संगणकाला फुकट बोल लागतो.

आता संगणकाची बाजू. तेथे आवाज अंकांत साठविला जातो, आणि अंक किती बारकाईने मांडले हे 'बिटां'च्या संख्येवर ठरते. दर बिटामागे सुमारे ६ डेसिबलांची ऐसपैस जागा मिळते, असा ढोबळ हिशेब आहे. १६ बिटांत ती ९६ डेसिबल होते. ८ बिटांत ४८ च. साध्या कॅसेटीवर मोठ्यात मोठा आवाज आणि तिची सरसर यांत ५० डेसिबलांच्या आसपासच अंतर असते. यावरून उघड आहे, की १६ बिटांची फाइल कॅसेटीला पुरून उरते. परंतु बाहेर काढताना यादीतला ८ बिटांचा प्रकार चुकून निवडला गेला, तर फितीच्या सरसरीइतकीच दुसरी सरसर त्यात नव्याने भर घालते. फाइल बाहेर काढताना उमटणाऱ्या त्या छोट्या चौकटीकडे म्हणूनच नीट लक्ष द्यावे.

येथे 'डिथर' नावाच्या एका प्रकाराविषयी सांगणे अवश्य आहे. संगणक काम करताना फार बारीक हिशेब ठेवतो. फाइल बाहेर काढताना तो १६ बिटांत बसवावा लागतो. पैशांचा हिशेब रुपयांत मांडताना दर वेळी वरचे पैसे सोडून दिले, तर चूक एकाच बाजूला साचत जाते. तसे येथे झाले तर हळू आवाजांत कानाला बोचणारी विकृती येते. ती टळावी म्हणून अतिसूक्ष्म अशी सरसर मुद्दाम मिसळतात. तिलाच डिथर म्हणतात. ऑड्यासिटी या अनेकांच्या घरी असलेल्या विनामूल्य प्रणालीत ही सोय बहुधा आपोआप चालू असते. त्यामुळे निखळ शांततेचा तुकडा बाहेर काढून तो खूप मोठा करून पाहिला, तर त्यात सरसर सापडते आणि मनुष्य चकित होतो. पण ती कॅसेटीच्या सरसरीहून कितीतरी खाली असते. आजीच्या ओव्यांमागे जी ऐकू येते, ती ही नव्हे. एकच पथ्य पाळावे: १६ बिटांत काढलेली फाइल पुन्हा आत घेऊन, आवाज चढवून, पुन्हा बाहेर काढण्याचे चक्र करू नये.

मग चोर पकडावा कसा? आम्ही वाचकांना चार शांतता ध्वनिमुद्रित करण्यास सुचवितो. पहिली, तार जोडलेली परंतु टेपरेकॉर्डर बंद. दुसरी, टेपरेकॉर्डर चालू, मात्र कॅसेट फिरत नाही. तिसरी, कॅसेट फिरते आहे, पण तिच्यावरचा अगदी कोरा भाग. चौथी, बोलणाऱ्याच्या दोन वाक्यांमधली. चारही शांतता, संगणकावरची पातळी न हलविता, दहा-दहा सेकंद टिपून घ्याव्यात व एकामागून एक ऐकाव्यात. पहिलीतच सरसर असेल, तर दोष संगणकाच्या कानाचा. पुष्कळ लॅपटॉपांत आवाज आत घेण्याची खाच मायक्रोफोनसाठी असते. ती टेपरेकॉर्डरचा आवाज घेण्याच्या कामाची नव्हे. 'लाइन इन' असलेले एखादे छोटे यूएसबी उपकरण मधे जोडले, की हा त्रास बहुधा मिटतो. दुसऱ्या शांततेत सरसर उपजली, तर टेपरेकॉर्डरचा वर्धक किंवा तार तपासावी. तिसरीत उपजली, तर ती फितीची. तेव्हा वाचक डोके शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसावे, डॉल्बीचे बटण पाहावे, आणि उरेल ती सरसर फितीचा धर्म म्हणून स्वीकारावी. चौथीत जास्तीचे काही ऐकू आले, तर ते त्या वेळच्या खोलीतले असते: छताचा पंखा, बाहेरचा रस्ता, भिंतीपलीकडचा नळ.

चारही शांततांत समाधान आहे आणि तक्रार केवळ बाहेर काढलेल्या फाइलीत आहे, असे ठरले तर तीही परीक्षा अवघड नाही. फाइल ध्वनीचे अंक न दाबणाऱ्या वेव्ह प्रकारात काढावी, परत संगणकात घ्यावी आणि जिच्यावरून ती काढली त्या पट्टीखाली अगदी जुळवून ठेवावी. मग दोहोंपैकी एकीची लाट उलटी करून दोन्ही एकत्र वाजवाव्यात. दोन्ही सारख्या असतील तर त्या परस्परांना खाऊन टाकतात आणि जवळजवळ शांतता उरते. तशी ती उरली, तर फाइल निर्दोष आहे. फरक ऐकण्यात आहे. मागे बोलणे ऐकू येत राहिले, तर बाहेर काढताना आवाजाची पातळी बदलली किंवा त्यावर काही संस्कार झाला, असे समजावे.

आमच्या पाहण्यात बहुतेक वेळा दोष या पातळीचाच निघतो. आत घेताना आवाज फार हळू घेतलेला असतो, आणि शेवटी तो एकदम २० डेसिबलांनी चढविला जातो. चढविणारे यंत्र आजीला आणि सरसरीला वेगळे ओळखत नाही. दोघींनाही ते सारखेच चढविते. हळू आवाज मोठे करणारा 'कॉम्प्रेसर' लावला, तर वाक्यांमधल्या शांततेत सरसर फुगून वर येते. म्हणून मुळातच असे घ्यावे, की मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलांच्या दरम्यान पोचेल. शिवाय संगणकाच्या कर्ण्यावर ऐकलेले रेकॉर्डिंग आणि रात्रीच्या निवांतपणी इअरफोनवर ऐकलेली फाइल यांची तुलना करून निर्णय देऊ नये. कान तेच, इअरफोन तेच, मोठेपणा तोच, असे असेल तरच न्याय होईल.

इतके झाल्यावरही जी सरसर उरेल, तिच्याबद्दल आमचे मत थोडे जुन्या वळणाचे वाटेल. पण ते विचारपूर्वक आहे. ती सगळी पुसू नये. कारण फितीची सरसर वरच्या सुरांत सर्वांत जास्त जाणवते, आणि आपल्या भाषेतली 'स', 'श', 'च', 'ज', 'झ' ही अक्षरेही त्याच प्रदेशात राहतात. मराठीत 'चार' मधला च आणि 'चूल' मधला च हे दोन आहेत. 'जरा' म्हणजे म्हातारपण आणि 'जरा' म्हणजे थोडेसे, यांत लिहिताना भेद नाही, कानाला मात्र स्पष्ट आहे. तो भेद वाऱ्याच्या ज्या बारीक झोताने होतो, तो झोत यंत्राच्या दृष्टीने सरसरच. बटण दाबून मागची सरसर निपटून काढली, की सुक्याबरोबर ओलेही जळते: आजी बोलताना पाण्यातून बोलल्यासारखी वाटते आणि तिचा 'चुलीतला च' नाहीसा होतो.

पुण्या-साताऱ्यात हा तोटा फारसा जाणवणार नाही; तेथे तो च रस्त्यावर ऐकू येतो. आपली गोष्ट वेगळी आहे. हिंदी, गुजराती, कन्नड वा तेलुगू शेजारात वाढणाऱ्या आपल्या नातवंडांच्या कानी हा उच्चार घरातल्या मोजक्या माणसांकडूनच पडतो. जी माणसे गेली, त्यांचा तो त्या फितीतच शिल्लक आहे. कोणत्या पिढीत आपल्या घरची मराठी कशी बोलली जात होती, कोठे तिला माळव्याची लकब चढली, कोठे दक्खनीची, याचा दुसरा पुरावा आपल्याजवळ नाही. तो स्वच्छतेच्या हौसेपायी घालवावा काय?

तेव्हा व्यवहार असा ठेवावा. मूळ घेतलेले ध्वनिमुद्रण कसलाही संस्कार न करता वेगळे जपावे. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना यासाठी २४ बिट आणि सेकंदाला किमान ४८,००० नमुने हे माप सांगते. ६० मिनिटांच्या कॅसेटीला त्या मापाने सुमारे १ गिगाबाइट जागा लागते, आणि आज ती महाग नाही. धाडण्यासाठी निराळी प्रत काढावी आणि हवी तर तिच्यावरची सरसर ६ ते ९ डेसिबलांपर्यंतच उतरवावी; 'चूल' आणि 'चार' दोन्ही नीट ऐकू येतात ना, हे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानाने तपासून घ्यावे. फाइलीच्या नावात कोण, कोठे, कोणत्या साली हे लिहावे. डॉल्बीचे बटण कसे होते तेही. दोन प्रती दोन घरी असाव्यात. आणि मुख्य म्हणजे, काम झाले म्हणून कॅसेट टाकून देऊ नये. उद्या याहून चांगले यंत्र मिळेल, तेव्हा त्याला विचारायला मूळ फीत लागेल.

वाचकांनी आपापल्या चार शांततांचे निष्कर्ष आम्हांस अवश्य कळवावेत. कोणाच्या घरी कोणता चोर सापडला, हे इतरांच्याही उपयोगी पडेल.