इअरफोन घेताना दणका नव्हे, शब्द ऐका



दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षेची मुले ज्या घरात आहेत, तेथील पालक अलीकडे आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. "पोरगी कानात घालायचा इअरफोन मागते आहे. दोनशेचा घ्यावा की हजाराचा?" वरवर पाहता प्रश्न किरकोळ आहे. परंतु जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील आपल्या वस्त्यांकडे पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. दोन खोल्यांचे घर, त्यात पाच-सहा माणसे. एकीकडे टीव्ही चालू, दुसरीकडे स्वयंपाकाची घाई, दारात धाकट्यांचा दंगा. अशा घरात मोबाईलवर गणिताचा तास ऐकणाऱ्या मुलीला स्वतंत्र खोली कोठून मिळणार? तिच्या कानातला इअरफोन हीच तिची अभ्यासाची खोली. ती घेताना आईची एका दिवसाची मजुरी जाते, कधी दोन-तीन दिवसांची. म्हणून स्वस्तातला इअरफोन कसा पारखावा, हे आज सांगण्याचे योजिले आहे.

खोक्यावरचे आकडे

नारायणगाव, मंचर, जुन्नर, घोडेगाव, कोठेही जा, दुकानदार प्रथम खोके पुढे करतो. त्यावर "२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ" असे छापलेले असते. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपने. निरोगी तरुण माणसाच्या कानाला साधारण एवढ्याच पट्ट्यातले आवाज ऐकू येतात. ढोलकीची धुम खालच्या आकड्यांत असते, झांजेची किणकिण वरच्या. परंतु इअरफोन हे सर्व आवाज योग्य प्रमाणात देतो, की एक फुगवून दुसरा दाबतो, हे त्या आकड्यांवरून मुळीच कळत नाही. वाढप्याने "पंगतीत सगळे पदार्थ आहेत" असे सांगावे आणि पानात मात्र भाताचा डोंगर व भाजीचा ठिपका पडावा, तसे हे आहे.

दुसरा आकडा ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे आत पडदा हलवून आवाज निर्माण करणारा भाग. तो १० मिलिमीटरचा असला म्हणजे ६ मिलिमीटरच्यापेक्षा चांगला, असे काही नाही. "एक्स्ट्रा बास" आणि "एचडी साउंड" हे तर जाहिरातीचे शब्द. त्यांना माप नाही.

मग किमतीवरून ठरवावे काय? येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली कानात घालायचे आणि कानावर बसणारे मिळून २८३ हेडफोन मोजून पाहिले. खालपासून वरपर्यंतचे आवाज हेडफोन कोणत्या प्रमाणात देतो, याचा आणि त्याच्या किमतीचा संबंध त्यांना आढळला नाही. याचा अर्थ दोनशेचा प्रत्येक इअरफोन चांगला, असा कोणी घेऊ नये. महागडा म्हणून चांगला, हे गृहीत धरू नये, एवढाच त्याचा अर्थ. निवाडा शेवटी कानानेच करायचा आहे.

चांगला आवाज कोणता?

दुकानात इअरफोन कानात घालताच दणदणीत ठेका लागतो आणि आपली तरुण मुले खूश होतात. येथेच फसगत होते. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी दाखवून दिले की, आवाज हळू असताना आपल्या कानाला खालचे, म्हणजे ढोलासारखे सूर फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते भरून आल्यासारखे वाटतात. म्हणून दोन इअरफोनांपैकी जो नुसता मोठ्याने वाजतो, तोच चांगला भासतो. दुकानदार हे जाणून असो वा नसो, फायदा त्याचा होतो.

आवाज वाढवल्याने स्पष्टपणा येत नाही, याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण आहे. ती आवाज नव्हे, तर आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी टिपते. तेथील शास्त्रज्ञांपुढे प्रश्न असतो तो गोंगाट वेगळा करण्याचा. नुसते सगळेच मोठे केले तर लहरीबरोबर गोंगाटही तितकाच मोठा होतो. इअरफोनचेही तसेच. घोगरा आवाज मोठा केला तर घोगरेपणाही मोठा होतो.

तेव्हा आमची साधी व्याख्या अशी : आवाज अर्ध्यावर ठेवूनही ज्यातून शब्द न् शब्द कळतो, तो इअरफोन चांगला.

पारख कशी करावी?

आपल्या भागाला आवाजाची पारख नवी नाही. विठाबाई नारायणगावकरांचे नारायणगाव हे तमाशाचे गाव. ढोलकीची थाप किंचित चुकली तरी शेवटच्या रांगेतला शेतकरी मान हलवतो. तेच कान घेऊन दुकानात जावे आणि पुढील कसोट्या लावाव्यात. मोबाईल स्वतःचा न्यावा, गाणी त्यात आधी साठवून ठेवावीत आणि आवाज सुधारण्याच्या नावाखाली मोबाईलमध्ये जी बटणे असतात ती बंद ठेवावीत. बहुतेक दुकानांत नमुन्याचा एक जोड असतो. तो पुसून कानात घालावा.

पहिली कसोटी बसण्याची. सोबत लहान, मध्यम, मोठी अशी रबरी टोपणे येतात. टोपण सैल असेल तर खालचे सूर निसटून जातात आणि चांगला इअरफोनही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. कानाची पाळी मागे ओढून इअरफोन नीट बसवावा. दोन कानांना दोन मापे लागली तरी नवल नाही. टोपण बदलल्याखेरीज कोणत्याही इअरफोनला नावे ठेवू नयेत.

दुसरी कसोटी बोलण्याची. गाणे लावण्याआधी बातम्या किंवा एखाद्या शिक्षकाचा तास ऐकावा. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च आपल्या मराठीत वेगळा आहे. तो फरक कळतो काय? श आणि स, ण आणि न, ळ आणि ल वेगळे ऐकू येतात काय? स आणि श यांचा सळसळता भाग चार हजार हर्ट्झच्या आसपास आणि त्यावर असतो. तो दबला की बोलणे तोंडावर गोधडी धरल्यासारखे येते. उलट प्रत्येक स टाचणीसारखा टोचू लागला तर वरचे सूर नको तितके फुगवले आहेत, असे समजावे. असा इअरफोन पहिल्या मिनिटात चकचकीत वाटतो आणि अर्ध्या तासात डोके धरतो.

तिसरी कसोटी पाठ असलेल्या गाण्याची. नवे गाणे घेऊ नये. प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांचे घरात शंभरदा ऐकलेले एखादे गाणे घ्यावे. कोरस आणि ढोलकी एकदम सुरू झाल्यावर मुख्य गायकाचे शब्द बुडतात काय, हे पाहावे. ढोलकीच्या एका बाजूची खोल धुम आणि दुसऱ्या बाजूची शाईवरची टणक थाप या दोन वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. मागची पेटी, झांज, तुणतुणे शोधून सापडले पाहिजे. वामनदादा कर्डकांची गीते तर शब्दांसाठीच ऐकायची असतात. ठेक्याखाली शब्दच गाडला गेला तर ते गीत ऐकले असे कसे म्हणावे? जुन्या ध्वनिफितीवरून उतरवलेल्या गाण्यात मुळातच खरखर असते, तिचा दोष मात्र इअरफोनला देऊ नये. सर्व इअरफोन एकाच गाण्यावर आणि शक्य तितक्या सारख्याच आवाजावर तोलावेत.

चौथी कसोटी मधोमधपणाची. बोलणे ऐकताना आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये वाटला पाहिजे. तो एका बाजूला झुकत असेल तर डावी-उजवी बाजू अदलाबदल करून पाहावी. झुकाव दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष इअरफोनचा. तो त्याच कानाकडे राहिला तर टोपण सैल आहे, कानात मळ आहे किंवा दुसऱ्या कानालाच कमी ऐकू येते आहे. टोपण बदलूनही फरक पडला नाही तर इअरफोन राहू द्यावा आणि आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

पाचवी कसोटी शांततेची. गाणे थांबवून ऐकावे. ब्लूटूथच्या इअरफोनात सतत 'स्स्' असा आवाज येतो काय? वायरचा असेल तर वायर सदऱ्याला घासताच कानात खरखर होते काय? प्लगजवळ वायर हळूच हलवल्यावर एक बाजू बंद पडते काय? शेवटी त्याच्या माईकवर चार वाक्ये बोलून, ती ध्वनिमुद्रित करून ऐकावीत. फोनवर बोलण्यासाठी आणि ऑनलाईन मुलाखतीसाठी हा माईकच कामाचा आहे.

एक सूचना. डीजेपुढे नाचून किंवा रात्रभर मोठ्या कर्ण्याजवळ बसून आल्यावर दुसऱ्या दिवशी इअरफोन घ्यायला जाऊ नये. त्या वेळी कान काही काळ मंद झालेले असतात. मंद कानाला भडक मालच आवडतो.

कान दुसरा मिळत नाही

आता खरा मुद्दा. स्वस्त आणि घोगरा इअरफोन घेतला की शब्द कळावा म्हणून मूल आवाज वाढवते. सैल बसणारा घेतला की एसटीत इंजिनाच्या घरघरीवर मात करण्यासाठी तो पूर्ण वाढवते. म्हणजे वाईट आवाजाची किंमत कान मोजतो. आपल्या प्रत्येक कानात आत सुमारे पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या आवाज टिपून मेंदूकडे पाठवतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबल आवाज ४० तास, तर मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास अशी मर्यादा सुचवली आहे. दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. मोठ्यांसाठी ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला अवघे ५ तास, तेही आठवड्याभरात. घरी मोजण्याचे यंत्र नसते, म्हणून सोपा नियम हा की, मोबाईलचा आवाज साठ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये आणि मधूनमधून कानाला विश्रांती द्यावी. कानात शिटी वाजू लागली किंवा बोलणे अस्पष्ट वाटू लागले तर थांबू नये, डॉक्टर गाठावा.

दुसरा धोका आपल्या भागाचा. कानात घट्ट बसणारा इअरफोन बाहेरचा आवाज अडवतो. अभ्यासाला हा गुण, पण उसाच्या कडेने चालताना तोच अवगुण. जुन्नर-आंबेगावात बिबट्याचा वावर किती आहे, हे आम्ही सांगायला नको. रात्री पाणी भरायला जाताना, पहाटे दुधाच्या खेपेला निघताना आणि पुणे-नाशिक महामार्ग ओलांडताना दोन्ही कान मोकळे असलेच पाहिजेत. तेथे गाणे नको.

हिशेब आणि पावती

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून किंमत महिन्यावर वाटून पाहण्याची खोड आहे. समजा, दोनशेचा इअरफोन तीन महिन्यांत बंद पडला, तर वर्षाला आठशे रुपये गेले. सहाशेचा वर्षभर टिकला तर महिन्याला पन्नासच पडले. पण हा हिशेब पावती असेल तरच जमतो. तारीख घातलेली पावती आणि वॉरंटीचे कार्ड घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. ब्लूटूथच्या इअरफोनच्या खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आहे काय, तेही पाहावे. तो सुरक्षिततेचा आहे, सुरेलपणाचा नव्हे. वॉरंटी असूनही कोणी दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडेही जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे फी नाही.

शेवटी एक सुचवतो. आपापल्या गावच्या अभ्यासिकेत एखाद्या रविवारी मुलांनी आपापले इअरफोन घेऊन जमावे. टोपणे स्वच्छ पुसावीत. ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत, दुसऱ्याने कंपनी व किंमत न सांगता इअरफोन हातात द्यावा. एकच तास, एकच गाणे, आवाज अर्ध्यावर. प्रत्येकाने कागदावर गुण लिहावेत आणि किमती सर्वांत शेवटी उघड कराव्यात. त्यातून त्या गावापुरती यादी तयार होईल आणि पुढच्या मुलाच्या आईला दुकानात कोणाच्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही. तयार झालेली यादी अभ्यासिकेच्या फळ्यावर जरूर लावावी.