लेंड्या जाळू नका

‘रेशमाच्या अळीची लेंडी तुतीला घालू नका, रोग येतो,’ हे मराठवाड्यातल्या रेशीमवाल्यांकडून वरचेवर ऐकू येतं. भीती खोटी नाही. ग्रासरी रोगाचे विषाणू आणि मस्कार्डिन रोगाचे बीजाणू विष्ठेत, मेलेल्या अळ्यांत टिकतात. ओला कचरा तसाच तुतीत पसरला तर पुढच्या पाल्याबरोबर रोग पुन्हा शेडमध्ये शिरतो. पण यातून एवढंच ठरतं, की कच्चं घालू नये. बॅच निघाली की काड्या-लेंड्यांचा ढीग बांधावर पेटवावा, हे कुठून आलं? युरोपीय संघापुढेही रोगाची हीच शंका होती. त्यांनी कीटकांची विष्ठा बंद केली नाही. विकण्याआधी ती ७० अंशांवर तासभर तापवायची अट २०२१ मध्ये घातली. आपल्याकडे ते काम खड्डा करतो. लेंडी, उरलेल्या काड्या, शेण, पुरेशी ओल, वरून मातीचा थर. नीट भरलेला खड्डा आतून हात भाजेल इतका तापतो. खड्डा शेडपासून लांब हवा, आणि रोगट अळ्या त्यात नकोतच, त्या चुन्यात टाकून वेगळ्या पुराव्यात.

‘मूठभर लेंड्यांनी काय होतंय?’ असंही विचारतात. पाचव्या अवस्थेतल्या अळीची एक लेंडी तळहातावर घेऊन पाहा: काळपट हिरवी, सहा कंगोऱ्यांची, बोटांत चुरली की पाल्याचाच चुरा. १०० अंडीपुंजांच्या बॅचला टनाच्या आसपास पाला लागतो, आणि अळीच्या पोटात गेलेल्या पाल्यातला निम्म्याहून जास्त सुका भाग लेंडीतून बाहेर पडतो. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का; वाळल्या लेंडीत दोन-तीन टक्के. हे जाळलं की नत्र धुरावाटे जातं, आणि त्याच हंगामात आपण युरियाची गोणी उचलतो.

मात्र ‘लेंडीखत घाला, बाकी सगळं बंद करा’ म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. रेशीम हे प्रथिन आहे, म्हणजे त्यात नत्र आलंच. २०१८ मध्ये जालन्यात कोषांचा बाजार सुरू झाला, कर्नाटकातल्या रामनगरच्या बाजाराची खेप वाचली. पण माल जालन्यात उतरो की कर्नाटकात, कोषाच्या प्रत्येक पोत्याबरोबर रानातलं थोडं नत्र गाडीत चढतं. तेवढं बाहेरून आणावंच लागेल. किती, ते माती तपासून ठरवा, आणि त्या हिशेबात खड्ड्यातलं खत आधी धरा.