वाळवी वहीला लागते, तशी डिस्कलाही लागते

दुकानाचा हिशेब लाल वहीत होता, तेव्हा आम्ही ती वही जिवापाड जपत असू. वाळवी तर लागली नाही ना, पाणी तर गेले नाही ना, हे अधूनमधून पाहत असू. आता तोच हिशेब संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये आहे, पण तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. ती बंद पडली की मगच तिची आठवण होते. आम्हीही त्यातलेच होतो. ठेच लागली तेव्हा शहाणे झालो.

गोष्ट अशी. ईद तोंडावर आली होती आणि वर्ध्यातील आमच्या कापड दुकानाचा संगणक अडखळू लागला. दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटे पाहिले आणि ‘डिस्क गेली’ म्हणून निकाल दिला. आम्ही नवी डिस्क घेतली. टेलर मंडळींची आणि खेड्यावरच्या गिऱ्हाइकांची उधारी आठवून आठवून पुन्हा लिहिली. पुढे भाच्याने जुनी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून, ती बनवणाऱ्या कंपनीच्याच सॉफ्टवेअरने तपासली. डिस्क धडधाकट निघाली! खराब होती ती केबल. जुना हिशेब उघडला, तेव्हा एका टेलरने फेडलेली रक्कम आम्ही त्याच्या नावावर पुन्हा मांडल्याचे दिसले. त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. नव्या डिस्कचे पैसे गेले त्याचे दुःख नाही. एका प्रामाणिक माणसाला आम्ही देणेकरी ठरवले, याचे आहे.

बांधवांनो, तागा उलगडून, मीटर लावून पाहिल्याशिवाय आपण माल घेत नाही. मग डिस्कच्या बाबतीत दुसऱ्याच्या शब्दावर का जावे? सीगेट कंपनीचे ‘सीटूल्स’ फुकट मिळते. वेस्टर्न डिजिटल, सॅमसंग, क्रुशियल यांचीही आपापली सॉफ्टवेअर आहेत. डिस्कवरील नाव पाहावे आणि त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून ते घ्यावे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. इंग्रजी पडद्याची आम्हालाही धास्ती वाटते. पण इथे वाचायचे असते ते एवढेच : पास की फेल.

छोटी चाचणी काही मिनिटांत होते. मोठी चाचणी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, म्हणून तिला काही तास लागतात. दुकान बंद करताना लावावी. डिस्क आपल्या खराब जागांची, तापमानाची आणि ती किती तास चालली याची नोंद स्वतःच ठेवते. जुनी डिस्क नवी म्हणून गळ्यात मारली जात असेल, तर चालू तासांचा आकडा बहुधा चुगली करतो. ही नोंद पुसणारे ठगही आहेत, म्हणून पक्के बिल घ्यावेच. वर्ध्याचा मे महिना माणसाला सोसवत नाही, तिथे बंद कपाटात कोंबलेल्या संगणकाचे काय होत असेल? तापमानाचा आकडा तेव्हा जरूर पाहावा. डिस्क मुदतीच्या आत फेल झाली, तर वॉरंटीत बदलून मिळू शकते. मात्र आतला हिशेब कंपनी परत देत नाही.

नवी डिस्क बसवतानाही अशी सॉफ्टवेअर कामी येतात. सीगेटचे ‘डिस्कविझार्ड’ जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवते. अट एवढीच की त्या कंपनीची एक तरी डिस्क जोडलेली असावी. नक्कल करताना कोणती जुनी आणि कोणती नवी, हे दोनदा पाहावे. उलटे झाले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. ‘इरेज’ या शब्दाला तर हातच लावू नये; तो सगळे पुसतो.

पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘पास’ म्हणजे अमरपट्टा नव्हे. गूगलने 2007 साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांत धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. म्हणून चाचणीच्या आधी नक्कल. डिस्क कटकट आवाज करत असेल, तर चाचणीचा ताण देऊच नये. संगणक बंद करून जाणकाराला दाखवावी.

जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने हिशेब जपावा लागतो. पण कायद्याच्या आधी माणसाचा हक्क येतो. उधारीची नोंद ही आपल्याजवळची अमानत आहे. दर जुम्याला दुकान तासभर बंद असते, तेव्हा पेन ड्राइव्हवर नक्कल काढावी आणि महिन्यातून एकदा चाचणी लावावी. आम्ही हाच नियम केला आहे. यात पैसा लागत नाही, फक्त आठवण लागते.