तलाव पाहणाऱ्यांनी पाळही पाहावी

हिवाळा सुरू झाला की गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधकडे सहलींचा ओघ लागतो. शाळांची मुले येतात, कचेऱ्यांतील मंडळी येतात. तलावाकाठी शिदोऱ्या सुटतात, पाणपक्षी पाहून होतात आणि सायंकाळी सारे परततात. यात गैर काहीच नाही. मात्र ज्याला सर्वजण ‘निसर्गरम्य स्थळ’ म्हणतात ते केवळ निसर्गाने दिलेले नाही, ती माणसाने बांधलेली इस्टेट आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. या बहिणींनी बांधकामात हात दिला अशी श्रद्धा असून खुद्द कोलू पाटील ‘कोलासूर’ या नावाने देवपदाला पोहोचले आहेत. तलाव बांधणाऱ्याला देव मानणारा समाज पाण्याची किंमत जाणत होता, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्यास जमीन मिळे, अशी परंपरा सांगते. त्यातूनच पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक तलाव उभे राहिले. पाळ, पाणी सोडणारे तुडुम, जादा पाणी वाहून नेणारी सलंग, खाली धानाचे बांध आणि उसाचे वाडे, अशी ही रचना होती. हेच येथील जमीनदारांचे उद्यान होय.

इंग्लंडमधील स्टाउरहेड येथे अठराव्या शतकाच्या मध्यास हेन्री होर या धनिकाने ओढा अडवून असेच सरोवर निर्माण केले. परंतु ते नजरेच्या सुखासाठी. कोलू पाटलांचे पाणी धानासाठी होते. तरीही स्टाउरहेड आज सुस्थितीत आहे. १९४६ साली ते नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन झाले. सभासदांची वर्गणी आणि पाहुण्यांचे शुल्क या संस्थेला मिळते व ते अशा वारशाच्या जतनाकडे वळते. जो पाहतो तो राखण्यास हातभार लावतो, असा हा सरळ व्यवहार आहे.

येथे काय झाले? १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. वेठबिगारीवर पोसलेली ती व्यवस्था गेली हे योग्यच झाले. तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण मालगुजाराच्या स्वतःच्या पिकाचा जीव तलावात असल्याने तो पाळीकडे लक्ष देई, गावाकडून गाळ काढून घेई. मालकीबरोबर ही काळजीही सरकारकडे जावयास हवी होती. प्रत्यक्षात केवळ सातबारा गेला. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे आले. पाण्यावर शेतकऱ्यांचा निस्तार हक्क राहिला, मासळीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे गेला. लाभाचे वाटेकरी ठरले, दुरुस्तीचा वाटेकरी मात्र कोणी ठरला नाही. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, हा अर्थशास्त्रातील जुना धडा येथे पाण्यावर लिहिला गेला. तलाव उथळ होत गेले, काठावर बेशरम माजली. महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया परिसरातच उरलेल्या सारसांचे घरटेही याच उथळ पाण्यावर आणि धानाच्या बांधांवर अवलंबून आहे.

दुरुस्ती हे सरकारचेच काम, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, आणि २०१७ साली गाळ काढून शेतात टाकण्याची योजना राज्याने आणलीही. परंतु नव्या धरणाच्या कोनशिलेस पाहुणे मिळतात. जुन्या तलावाच्या गाळाला समारंभ नसतो. म्हणून पैशाचा एक कायमचा, स्थानिक झरा असणे अगत्याचे आहे. पर्यटकांकडून येणाऱ्या शुल्काचा ठरावीक हिस्सा परिसरातील मामा तलावांसाठी राखून ठेवावा. त्याचा विनियोग ग्रामसभेने शेतकरी व ढिवर या दोघांना बरोबर घेऊन ठरवावा, आणि जमाखर्च गावच्या फलकावर लावावा. रक्कम लहान असेल. पण उन्हाळ्यात तुडुमाची डागडुजी आणि पाळीवरील झुडपांची सफाई लहान रकमेतही होते. पाळ फुटल्यावर होणारा खर्च त्याच्या कित्येक पट असतो.

शिक्षकांचाही यात वाटा आहे. सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांना पाळीवरून चालवावे, सलंग दाखवावी, पाणी कोणत्या शेतात जाते हे एखाद्या वृद्ध शेतकऱ्याकडून ऐकवावे. जलसिंचनाचा जो पाठ पुस्तकात दोन पृष्ठांत संपतो तो तेथे तासाभरात कायमचा समजेल. कोलू पाटलांना देव करून समाजाने त्यांचे ऋण मानले. ते फेडावयाचे असेल तर पाळीवर फूल वाहण्याबरोबर टोपलीभर मातीही टाकली पाहिजे.