शेतावर कचऱ्याचा डोंगर का?
शहराने कचरा करावयाचा आणि खेड्याने तो उरावर घ्यावयाचा, हा न्याय कोणता? १९९१ पासून पुण्याचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी यांच्या शिवारात पडू लागला. विहिरी नासल्या, २०१४ साली ग्रामस्थांना गाड्या अडवाव्या लागल्या. तरीही डेपो भरला की आराखड्यात लगतची शेती कचऱ्यासाठी आरक्षित करण्याचेच अधिकाऱ्यांना सुचते! लेखणीच्या एका फटकाऱ्याने नकाशावरील शेतीचा रंग बदलेल. नासलेले पाणी निवळणार नाही. कुजणारा कचरा पुरू नये, असे २०१६ च्या नियमांनीच बजावले होते. तो वेगळा न करता जमीन मागणे ही शुद्ध मुजोरी होय. नागरिकहो, बेळगावचा कचराही तुरमुरीलाच जातो. ओला-सुका कचरा दारातच वेगळा करा. शेतकऱ्याच्या हरकतीवर आपलीही सही करा.